पायऱ्या पाठ, पण मॉडेल आधी आणि कारणं मागाहून: नववीला इंजिनिअरिंग डिझाइन कसं शिकवावं?

नववी_ब (प्रश्न)

नमस्कार. नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवते. फेब्रुवारीपासून इंजिनिअरिंग डिझाइन प्रोसेस घ्यायची आहे. आठवड्याला दोन तासिका जोडून ७० मिनिटं मिळतात आणि हातात आठ आठवडे आहेत. मुलं ४२, म्हणजे सहा-सहांचे सात गट. गटामागे ३०० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली शाळेतली कार्यशाळा) नाही. साधी प्रयोगशाळा, दोन सोल्डरिंग गन, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा वजनकाटा आणि थोडे थर्मामीटर आहेत.

अडचण अशी की पायऱ्यांचा तक्ता लावला की मुलं तो दोन दिवसांत पाठ करतात: समस्या, माहिती, कल्पना, निवड, नमुना, चाचणी, सुधारणा. पण काय बनवायचं ते पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. थर्माकोल-फेव्हिकॉलचं मॉडेल तयार होतं आणि मग वहीत सातही मथळ्यांखाली मागून मजकूर भरला जातो. ‘चाचणी’खाली “मॉडेल व्यवस्थित चालले” आणि ‘सुधारणा’खाली “पुढे सोलर पॅनेल लावता येईल”. सातही वह्यांत हेच.

विचारायचं ते असं: विषय कोणता द्यावा (उन्हाळा तोंडावर आहे म्हणून कूलर डोक्यात आहे)? आठ आठवडे कसे वाटावेत? एका पुस्तकात पाच पायऱ्या, दुसऱ्यात सात, मुलं विचारतात खऱ्या किती. आणि गुण कशाला द्यायचे?

---

पान्हा_पक्कड

मॅडम, तिसरा प्रश्न आधी घेतो, तो लवकर संपतो. पायऱ्यांचा आकडा ठरलेला नाही. बॉस्टनच्या म्यूझियम ऑफ सायन्सने प्राथमिक शाळेसाठी केलेल्या अभ्यासक्रमात पाच आहेत: विचारा, कल्पना लढवा, आखा, बनवा, सुधारा. अमेरिकेच्या २०१३ च्या शालेय विज्ञान मानकांत तीनच आहेत: समस्या नेमकी मांडा, उपाय तयार करा, त्यातला चांगला निवडून आणखी नीट करा. कॉलेजच्या पुस्तकांत आठ-दहाही मिळतील. रस्ता तोच, मैलाचे दगड कमी-जास्त. मात्र फळ्यावर तक्ता उभा लावू नका. उभ्या तक्त्यात सुधारणा सगळ्यांत खाली येते आणि तिथवर पोचेपर्यंत सत्र संपतं. गोल काढा, आणि चाचणीपासून निकषांकडे व कल्पनांकडे जाणारे उलटे बाण ठळक काढा.

आता मूळ दुखणं. मुलं मॉडेलकडे धावतात, कारण बहुतेक वेळा प्रश्नातच उत्तर दिलेलं असतं. “कूलर बनवा” म्हटल्यावर विचार करायला उरतं काय? पुठ्ठा कुठून आणायचा एवढंच. समस्येच्या वाक्यात वस्तूचं नाव येऊ देऊ नका. कोणाला, कुठे, केव्हा, किती त्रास होतो, इतकंच लिहायचं. उदाहरणार्थ: “वरच्या मजल्यावरच्या वर्गात दुपारी १२ ते ३ या वेळात शेवटच्या दोन बाकांवरच्या मुलांना पंख्याखालीही गरम हवाच लागते.” या वाक्यातून ओला पडदा निघतो, छताला चुना निघतो, खिडकीची वाळ्याची ताटी निघते, पंखा आणि पाण्याची पेटीही निघते. तीन वेगळ्या जातीची उत्तरं निघत नसतील तर वाक्य परत लिहायला लावा. पहिल्या आठवड्यात मुलांना थर्मामीटर देऊन वर्गात सहा ठिकाणी, जमिनीपासून एक मीटरवर, तापमान मोजायला पाठवा. समस्या आपणच मोजली की ती पाठ करावी लागत नाही.

दुसरा आठवडा पूर्ण निकष आणि मर्यादांना द्या. मर्यादा म्हणजे ओलांडायची नाही अशी रेघ: ३०० रुपये, १२ व्होल्टच्या वर वीज नाही, पेटी ३० सेंमीपेक्षा मोठी नाही. निकष म्हणजे ज्यात कमी-जास्त चालतं आणि ज्यावरून दोन उपायांची तुलना होते. मुलं या दोन्हींची खिचडी करतात. नियम सोपा ठेवा: प्रत्येक निकषाला आकडा, एकक आणि मोजायचं साधन पाहिजे. “भरपूर थंड” चालणार नाही. “आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा किती अंशांनी थंड, डिजिटल थर्मामीटरने” चालेल. “टिकाऊ” चालणार नाही. “एक तास चालवल्यावर तळाखालचा वर्तमानपत्राचा कागद कोरडा” हे चालेल.

त्याच तासाला चाचणीचा कोरा तक्ता वहीत आखून घ्या. वस्तू नंतर, तक्ता आधी. “मॉडेल व्यवस्थित चालले” हे वाक्य मग लिहायला जागाच उरत नाही, कारण रकान्यात आकडा मागितलेला असतो.

निकषांना वजन देताना प्रत्येक गटाला दहा चिंचोके द्या आणि चार-पाच निकषांवर वाटायला लावा. थंडाव्याला चार, हवेच्या झोताला तीन, पाण्याच्या खर्चाला दोन, आवाजाला एक, असं काहीतरी होईल. भांडणं होतील, होऊ द्या. पण ही वाटणी कल्पना सुचायच्या आधी, आणि शाईने. कल्पना समोर आल्यावर वजनं ठरवली तर लाडक्या कल्पनेला जिंकवायला चिंचोके हळूच सरकतात.

तिसऱ्या आठवड्यात, कल्पनांच्या तासाला, पहिली पाच मिनिटं वर्ग पूर्ण गप्प. प्रत्येकाने एकट्याने तीन चित्रं काढायची, मग कागद डावीकडे द्यायचा आणि शेजाऱ्याने त्यात भर घालायची. गटात थेट चर्चा सुरू केली तर ज्याचा आवाज मोठा त्याची कल्पना पास. निवडीसाठी ब्रिटिश अभियंता स्टुअर्ट प्यू यांची तुलनेची पद्धत नववीला पेलते: एक कल्पना आधार धरायची आणि बाकीच्या कल्पना प्रत्येक निकषावर तिच्यापेक्षा सरस की कमी की तशीच, म्हणजे अधिक, वजा किंवा शून्य, असं मांडायचं. बेरीज करून लगेच विजेता जाहीर करू नका. दोन कल्पनांचे अधिक एकत्र जोडता येतात का, हे विचारा. तक्त्याचा खरा उपयोग तिथे आहे.

चौथ्या आठवड्यात बनवणं, तेही एकाच बैठकीत. वेळ वाढवलात की सजावट वाढते, आणि सजवलेली वस्तू फोडायला कोणी तयार होत नाही. पहिल्या नमुन्याला रंग, चकचकीत कागद आणि शाळेच्या नावाची पाटी बंद. पाचव्यात पहिली चाचणी, सहाव्यात बदल, सातव्यात दुसरी चाचणी, आठव्यात सांगणं. चाचणीला दोन पूर्ण आठवडे देणं जड वाटेल. तडजोड करायचीच झाली तर आठव्यातून करा, सातव्यातून नको.

---

ताटीवाला

मॅडम, कूलरच घ्या. नागपुरात ज्या पोट्ट्यानं घरच्या कूलरमध्ये बादलीनं पाणी भरलं नाही असा पोट्टा सापडायचा नाही. पण छोटा कूलर बनवताना काय बिघडते ते आधी माहीत पाहिजे, नाहीतर चाचणीचा तास पाणी पुसण्यात जाईल.

मांडणी: खाली ५ लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यावर ३० सेंमीची पुठ्ठ्याची पेटी. मागच्या बाजूला २० बाय २० सेंमीची ताटी (पाणी धरून ठेवणारा गवताचा पॅड), पुढच्या बाजूला ८० मिमीचा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा. पंख्यानं हवा ताटीतून ओढून बाहेर फेकावी. ताटीवर हवा मारायला लावलं तर थेंब उडतात आणि हवा भलत्याच फटीतून निघते. पंखा ताटीला चिकटवू नका, मधे निदान ६ सेंमी जागा ठेवा. चिकटवला तर पंख्यासमोरच्या गोलातूनच हवा येते, ताटीचे चारही कोपरे फुकट.

पंखा रिपेअरिंगवाल्याकडे जुन्या एसएमपीएसमधला (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातला) मिळतो. मात्र काढलेलाच आणा. मुलांना एसएमपीएस उघडायला देऊ नका, आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो. लाल वायर अधिक, काळी वजा. उलटी जोडली तर हा पंखा उलटा फिरत नाही, फिरतच नाही. मुलं लगेच म्हणतात पंखा जळला. जळलेला नसतो. असा एक पंखा साधारण ०.२ अँपिअर घेतो, नक्की आकडा त्याच्या स्टिकरवर असतो. सात पंखे म्हणजे दीड अँपिअरच्या आत. १२ व्होल्ट २ अँपिअरचा एक अडॅप्टर तुमच्या टेबलावर ठेवा आणि तिथून वायरी न्या. अडॅप्टर टबाजवळ नको. आणि प्रत्येक वायरला अडॅप्टरपाशी पोचायच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळावरच गळून पडते, वर चढत नाही.

पंप छोटा, ३ ते ६ व्होल्टवाला पाण्यात बुडणारा. त्याला मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालवा. १२ व्होल्टवर लावला की गेला. म्हणून पंपाच्या आणि पंख्याच्या वायरींचे रंग आणि जोड वेगळेच ठेवा, चुकून जोडताच येऊ नये असे. पाण्याबाहेर कोरडा चालवला तरी हा पंप लवकर मरते.

आता पाणी वाटायची नळी. सगळ्यात जास्त चूक इथंच. पोट्टे उत्साहात टोचून टोचून तीस-चाळीस भोकं पाडतात. मग सगळं पाणी पहिल्या पाच भोकांतून पडते आणि ताटीचा दुसरा अर्धा कोरडा. हिशोब साधा आहे: भोकांचं एकूण क्षेत्रफळ नळीच्या आतल्या क्षेत्रफळापेक्षा कमी पाहिजे. ७ मिमी नळीचं क्षेत्रफळ ३८ चौरस मिमी. २ मिमीच्या भोकाचं ३ चौरस मिमी. म्हणजे दहा भोकं चालतात, वीस नाही. २० सेंमीच्या ताटीवर दर २ सेंमीला एक, तापवलेल्या सुईनं, आणि नळीचं शेवटचं तोंड बंद. नळी पाणसळीत पाहिजे, एक बाजू खाली असली तर पाणी तिकडेच.

ताटीसाठी कूलरचं गवत, वाळा, काथ्या, बारदाना, जुना सुती कपडा, घोसाळ्याची वाळलेली जाळी, जे म्हणाल ते वापरून पाहू द्या. गवताची नवी ताटी अर्धा तास भिजवून ते पिवळं पाणी फेका. जाडी वाढवली की हवा जास्त थंड होते, हे सगळ्यांना कळते. पण ८० मिमीच्या पंख्यात दमच किती! ताटी जाड किंवा गच्च भरली की झोत पडते. थंडावा आणि झोत यांची ही ओढाताण मुलांना हातावर जाणवते, म्हणून हा विषय चांगला.

बिघाड साधारण या क्रमानं येतात. ताटी आणि पुठ्ठ्यामधली फट: गरम हवा ताटीतून न जाता फटीतून शिरते, कारण तिला तो रस्ता सोपा. ही फट डोळ्यांनी दिसत नाही, पेटीच्या कडेनं पेटती अगरबत्ती फिरवा, धूर जिथं आत ओढला जाते तिथं फट. मग गवत ओलं होऊन खाली बसते आणि वरच्या बाजूला दोन बोटं मोकळी जागा तयार होते. हा दोष सुरुवातीला नसते, पंधरा-वीस मिनिटांनी येते, म्हणून चाचणी पाच मिनिटांत उरकू नका. आणि पुठ्ठा. खालची कड पाणी ओढते आणि पेटी वाकते. आधी सांगू नका, वाकू द्या. दुसऱ्या फेरीत कोणी मेणबत्तीचं मेण लावते, कोणी पॉलिथिन गुंडाळते, कोणी खालचा भाग टबाच्या आतच बसवते. तीन गटांचे तीन उपाय आले तर तुमचा अर्धा अभ्यासक्रम तिथं झाला.

---

मोजपट्टी

वरची माहिती उत्तम आहे, पण एक हरकत नोंदवतो. पंखा ठरलेला, पेटी ठरलेली, ताटीची जागा ठरलेली, आणि मुलांनी फक्त सहा प्रकारच्या ताट्या लावून आकडे घ्यायचे, तर ते डिझाइन नाही, विज्ञानाचा प्रयोग आहे. प्रयोगात विचारतात “काय बदललं तर काय होतं”. डिझाइनमध्ये विचारतात “या अटींत काय पुरेसं आहे, आणि त्यासाठी काय सोडून द्यायचं”. दोन्ही हवेत, पण मुलांना दोन्ही एकच वाटू नयेत. म्हणून पंखा, पंप आणि टब तेवढे समान द्या आणि बाकी सगळं मोकळं सोडा: पेटीचा आकार, ताट्या एक की तीन बाजूंना, पाणी पंपाने की वरून गुरुत्वाने ठिबकत, पंपाऐवजी वातीसारखं पाणी ओढणारं कापड. निकष एकमेकांना काटणारे असू द्या. ताटीवाल्यांनी सांगितलेली थंडावा-झोत ओढाताण त्यातलीच. तिच्या जोडीला पाणी आणा, “मोजून दिलेल्या थोड्याच पाण्यात शाळेची दुपार निघाली पाहिजे”.

आता मोजण्याबद्दल, कारण निकषांना आकडा हवा म्हणताना आकडा चुकीचा निवडला तर सगळी मेहनत वाया. “किती अंश थंड” हा आकडा दोन दिवसांची तुलना करायला निकामी आहे. हवा किती थंड होऊ शकते, हे तिच्या कोरडेपणावर ठरतं. एका थर्मामीटरच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळा आणि पंख्याच्या वाऱ्यात धरा. दोन-तीन मिनिटांत जो आकडा स्थिरावतो ते ओलं तापमान. साधा कूलर याच्या खाली जाऊ शकत नाही. मे महिन्यात नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं तापमान २३ च्या आसपास येतं. वाव २१ अंशांचा. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला ओलं तापमान २७ च्या जवळपास. वाव फक्त तीन अंशांचा, म्हणून पावसाळ्यात कूलर नुसता घाम आणतो.

म्हणून निकष असा घ्या: प्रत्यक्ष घट भागिले शक्य असलेली घट. समजा एका गटाने बाहेर ४० आणि ओलं तापमान २२ असताना २८ अंशांची हवा काढली. घट १२, वाव १८, म्हणजे ६७ टक्के. दुसऱ्या गटाने ढगाळ दिवशी ३४ आणि ओलं २४ असताना २७ ची काढली. घट फक्त ७, पण वाव १०, म्हणजे ७० टक्के. दुसरा गट पुढे आहे. नुसते अंश पाहिले असते तर त्या गटाने चांगली ताटी काढून फेकली असती.

यात एक सापळा आहे. पेटीतून बाहेर पडणाऱ्या हवेतल्या थर्मामीटरच्या टोकावर थेंब बसला की तो स्वतःच ओलं तापमान दाखवतो आणि मुलं १०० टक्के मिळाले म्हणून नाचतात. उत्तर शंभराच्या जवळ आलं की आधी टोक पुसा.

झोतासाठी वेगमापक नको. १०० लिटरची कचऱ्याची पिशवी घ्या, हवा पूर्ण काढा, तोंड पंख्याभोवती धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. १४ सेकंद लागले तर सेकंदाला सुमारे ७ लिटर, म्हणजे ताशी साधारण २५ घनमीटर. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. पिशवी भरण्याचा क्षण कोणी ठरवायचा हे आधीच ठरवा, दर वेळी तीच मुलगी किंवा तोच मुलगा.

पाण्याचा खर्च तुमच्या किचनच्या काट्यावर निघतो, फक्त टब, पेटी आणि पाणी मिळून वजन काट्याच्या मर्यादेत बसेल इतकंच पाणी चाचणीपुरतं घाला. सुरुवातीला एकदा, १५ मिनिटांनी पुन्हा. हिशोबाने किती घट यायला हवी तेही मुलांना काढता येतं: ताशी २५ घनमीटर म्हणजे सुमारे २७ किलो हवा, ती १० अंशांनी थंड करायला साधारण २७५ किलोज्यूल, आणि एक किलो पाणी उडायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. म्हणजे ताशी ११५ ग्रॅम, १५ मिनिटांत २८-२९ ग्रॅम. काट्यावर ६० ग्रॅम घट दिसली तर उरलेलं पाणी उडालेलं नाही, गळलंय. गळती शोधायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

आणखी एक. सात पेट्या बंद खोलीत एकदम चालल्या तर खोलीची हवा दमट होत जाते आणि शेवटी मोजणाऱ्या गटाला कमी आकडे मिळतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि प्रत्येक गटाने ओलं तापमान स्वतःच्या पेटीमागे, मोजायच्या वेळीच घ्यावं.

---

नववी_ब

सर्वांचे आभार. समस्येच्या वाक्यात वस्तूचं नाव नको, हे पहिल्याच तासाला लावते. दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे गुणांची वाटणी, ३० गुणांची हवी आहे. दुसरी, आठवीच्या वर्गासाठी हेच पुढच्या वर्षी दुसऱ्या सत्रात, म्हणजे दिवाळीनंतर घ्यायचं म्हणतात. थंडीत कूलर कसा चालेल? एका सहकाऱ्यांनी अंडं गच्चीवरून टाकायचा खेळ सुचवला आहे.

---

पान्हा_पक्कड

गुण असे द्या: समस्येचं वाक्य आणि मोजमाप ४, निकष-मर्यादा ५, कल्पनांची चित्रं ४ (मापं लिहिलेली हवीत), निवडीचा तक्ता ४, चाचणीच्या नोंदी ६, दुसऱ्या फेरीतला बदल आणि त्याचं कारण ७. झाले ३०. पेटी किती थंड करते याला शून्य. ज्यांचा पहिला नमुना फसला त्यांच्याकडे लिहायला जास्त असतं, म्हणून गुणांचा भार शेवटच्या रकान्यावर ठेवलाय. पालकांना हे सुरुवातीलाच कळवा, नाहीतर आठव्या आठवड्यात कोणाच्या तरी घरून अख्खा तयार कूलर येतो.

शेवटच्या ७ गुणांसाठी तोंडी एकच प्रश्न पुरतो: “दोन चाचण्यांमध्ये काय बदललंत, आणि आकडा बदलला तो त्याच्यामुळेच कशावरून?” ज्यांनी एकाच वेळी ताटीही बदलली, नळीही आणि फटही बुजवली, त्यांना उत्तर देता येत नाही. वेळ कमी म्हणून दोन बदल करावे लागले तर मधे एकदा तरी आकडा घ्यायला सांगा.

वही शाईने, पानांना क्रमांक, खाडाखोड एका रेघेने. पान फाडलं तर एक गुण कमी. हे जरा कडक वाटतं, पण चुकीची चित्रं शिल्लक राहिली नाहीत तर तुम्ही तपासणार काय?

---

मोजपट्टी

अंड्याच्या खेळात एक खोट आहे. अंडं फुटतं किंवा फुटत नाही, मधलं काही नाही. फुटलं तर किती थोडक्यात फुटलं ते कळत नाही, वाचलं तर नशिबाने की डिझाइनने तेही कळत नाही. दुसऱ्या फेरीला लागणारी माहिती पहिल्या फेरीतून मिळतच नाही.

दिवाळीनंतर नागपुरात दुसरी वस्तू मुबलक आहे. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरपर्यंत बाजारात असतात. समस्या अशी द्या: “नागपूरच्या कळमना बाजारातून दूरच्या गावी ट्रकने जाणारी संत्री पोचेपर्यंत दबतात आणि आठवड्यात सडतात.” गटाला १२ संत्री द्या. पॅकिंगचं वजन फळांच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही ही मर्यादा. वाळलेलं गवत, वर्तमानपत्र, पुठ्ठ्याचे कप्पे, जे हवं ते. चाचणी म्हणजे खोका एक मीटरवरून पाच वेळा सपाट टाकायचा. न टाकलेली १२ संत्री वेगळी ठेवायची, त्यांच्याशी तुलना करायला. ही तुलना नसेल तर आधीच किडकी आलेली फळंही पॅकिंगच्या माथी मारली जातात.

नागपुरी संत्र्याचं साल सैल, त्यामुळे मार बाहेरून लगेच दिसत नाही. मोजणी सातव्या दिवशी: १२ पैकी किती मऊ पडली, किती बुरशीने धरली, प्रत्येकाचं वजन किती टक्के घटलं. खालच्या थरातली किती आणि वरच्या थरातली किती, हे वेगवेगळं लिहायला लावा, म्हणजे फळं दणक्याने गेली की वरच्या फळांच्या भाराने, ते निघतं. आठवडाभर थांबावं लागतं, म्हणून चाचणीच्या तासाला दुसरं काम ठेवा. देठ खुडताना सालीला भोक पडलेली फळं आधीच बाजूला काढा. ती कशीही पॅक केली तरी सडणारच.

---

ताटीवाला

संत्री ठीक आहे, पण नववीचा कूलर मार्चच्या शेवटापर्यंत संपवा. एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली की आठ वाजता तपमान आणि ओलं तपमान यांत वावच फार राहत नाही, मुलांना वाटते आपली पेटी बिघडली.

आणि चाचणी झाल्यावर ताट्या ओल्याच पेटीत कोंबून कपाटात ठेवू नका. पुढच्या आठवड्यात वास मारतात. पाणी काढून टाका आणि पंखा अर्धा तास तसाच चालू ठेवा, ताटी कोरडी होते. बोअरचं पाणी वापरलं असेल तर दोन-तीन चाचण्यांत ताटीवर पांढरा थर धरते, नळीची भोकंही बुजतात. दुसऱ्या चाचणीआधी प्रत्येक भोकात सुई घालून घ्या, नाहीतर सुधारणा केली तरी आकडा खाली येईल आणि पोट्टे चांगला बदल चुकीचा समजून काढून टाकतील.